दोर पाण्यात असताना

आमचे दाजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा सगळा वेळ चहाच्या कपात बघत बसले होते. घरातली मोठी माणसं काय काय विचारत होती, आणि हे कपाला उत्तरं देत होते. ते गेल्यावर मी ताईला म्हटलं, "लग्न तुझ्याशी करायचंय की त्या कपाशी, एकदा विचारून घे." ताई हसली नाही. म्हणाली, "निघताना त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. एकदाच." त्या एकदाच बघण्यावर माझ्या बहिणीने सगळा संसार केला. मला तो सौदा तेव्हाही पटला नव्हता.

दाजी सरकारी जहाजावर कामाला होते. हे जहाज माल नेत नसे की प्रवासी नेत नसे. समुद्राचा आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी माणसं त्यावरून दूर जायची आणि पाण्याची परीक्षा घ्यायची. जहाजाच्या मागच्या अंगाला, उघड्यावर, एक प्रचंड रीळ होतं. माझ्या शिवणयंत्रावर असतं तसंच, फक्त खोलीएवढं, आणि त्यावर दोऱ्याऐवजी तारेचा जाड दोर. दोराच्या टोकाला उभ्या बाटल्यांचं एक चक्र बांधलेलं असे. ते पार तळाकडे सोडायचं. येताना एकेक बाटली ठरलेल्या खोलीवर बंद व्हायची आणि तिथलं पाणी घेऊन वर यायची. पाणी कुठे किती गरम, किती खारट, यावरून पुढे वादळं कशी उठतील याचा अंदाज बांधता येतो म्हणे. अंदाज बांधणारे वेगळे. दाजी फक्त रीळ चालवायचे.

त्या कामाचा एकच नियम होता आणि तो दाजींच्या हाडीमाशी खिळला होता. दोर पाण्यात असताना रिळावरच्या माणसाने दोर आणि ताण दाखवणारा काटा सोडून दुसरीकडे बघायचं नाही. लाटेवर जहाज खाली आलं की दोर ढिला पडतो, वर गेलं की हिसका बसतो. ढिल्या दोराला गाठ बसली आणि वर हिसका आला तर तो तुटतो. चक्र तर तळाला जातंच, पण तुटलेलं टोक चाबकासारखं मागे येतं आणि डेकवर जो उभा असेल त्याला आडवं करतं. "तुला काय सांगायचं," दाजी एकदा माझ्या दुकानात मशीनजवळ उभे राहून म्हणाले होते, "दोऱ्याचा ताण बिघडला की काय होतं ते तुला ठाऊकच आहे." मला ठाऊक होतं. पण माझा दोरा तुटला तर गिऱ्हाईक ओरडतं, कुणाचा पाय जात नाही.

रीळ चालवायचा दांडा एकदा हातात घेतला की दाजी तो सोडत नसत. जेवायची वेळ होवो, पाऊस येवो, बदली माणूस शेजारी येऊन उभा राहो. जहाजावर त्यांना सगळे घोरपड म्हणायचे. ताईला हे नाव कळलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला तांब्या सांडला. मग म्हणाली, "जहाजाला तरी चिकटलेत. मला कुठे?"

बरे दिवस समुद्रावर आणि खवळलेले दिवस घरी, अशी त्यांची वर्षाची वाटणी. घरी असले की सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्यांचं करायचं काय हा प्रश्नच असे. नळ दुरुस्त करून झाला, खिडकीच्या कड्या तेल घालून झाल्या, की ते सगळ्यांच्या पायांत पायांत यायचे. असून अडचण आणि नसून खोळंबा. पण जहाज यायचे दिवस जवळ आले की ताई उठल्यासुटल्या गच्चीवर जायची. गच्चीवरून बंदराचं तोंड दिसतं. खाली लागूनच माझं दुकान होतं, तिथून मी विचारायची, काय करतेस? "कपडे वाळत घालतेय." दोरीवर एक चिरगूट नसायचं. "मी नवऱ्याला पाण्यात पाहते, अशी बायको तू कधी बघितली होतीस का?" असं स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. हसता हसता तिचा आवाज चिरकायचा, तेव्हा मी मशीन जोरात चालवायची.

त्यांना एक मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि शाळेतलं नाव शाळेतच राहिलं. ती एकाच गोष्टीसाठी शांत बसायची. जहाजावरच्या लोकांची एक गंमत असते. थर्माकोलच्या पेल्यांवर ते चित्रं काढतात, पेले जाळीच्या पिशवीत घालतात आणि पिशवी बाटल्यांच्या चक्राला बांधून खाली सोडतात. खोल पाण्याचा दाब असा असतो की पेला वर येतो तेव्हा शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाएवढा झालेला असतो. मोडत नाही, तुटत नाही. नुसता लहान होतो, आणि त्यावरचं चित्रही रेघ न् रेघ तसंच लहान होतं. दाजी निघायच्या आधी भिंगरी जमिनीवर पालथी पडून पेला रंगवायची, जाळीची पिशवी मी शिवून द्यायची, आणि दाजी पेला रुमालात गुंडाळून न्यायचे.

"बाबा, तुम्ही खाली गेलात तर तुम्हीपण एवढेसे व्हाल?" तिने एकदा विचारलं.

"म्हणून तर मी वर थांबतो," दाजी म्हणाले.

परत आलेले पेले ताईने खिडकीच्या फळीवर ओळीने मांडले होते. एकावर मांजर, एकावर मी आणि माझं मशीन, नाक माझं जरा जास्तच मोठं. एकावर जहाज आणि जहाजावर एक काडीचा माणूस.

भिंगरी बारा-तेरा वर्षांची असताना ताई आजारी पडली आणि बघता बघता हाताबाहेर गेली. जहाज तेव्हा लांब होतं. निरोप बिनतारी यंत्रावरून गेला. कप्तान स्वतः खाली डेकवर आला, दाजींच्या शेजारी उभा राहिला आणि त्यांना सांगितलं. दोर तेव्हा खोल गेलेला होता. बदली माणूस पुढे झाला. दाजी म्हणाले, "वर येऊ दे." मग त्यांनी तो सगळा दोर वर घेतला, चक्र डेकवर टेकवलं, बाटल्या सोडवणारी पोरं बाजूला झाली का ते बघितलं, दांडा सोडला आणि तिथेच खाली बसले. जहाज वळवलं. पण समुद्रावरून घरी यायला वेळ लागतो आणि जाणाऱ्याला तेवढा नसतो. ते आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

हे सगळं आम्हाला कळलं ते जहाजावरच्या स्वयंपाक्यामुळे. भेटायला आला होता. माणूस मनाने मोठा, पण तोंडाला झाकण नाही. कौतुकाने सांगायला लागला, "काय माणूस आहे बाई! एवढी बातमी कानावर पडली, पण हात हलला नाही. मान वर केली नाही." दाराआड भिंगरी उभी होती. तिने त्यातलं तेवढंच उचललं. आई गेली आणि बाबांनी मान वर केली नाही.

मीही तेव्हा रागाने पेटलेली होते. दाजींच्या तोंडावर म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की रीळ?" त्यांनी चहा प्यालेला कप विसळला, पालथा घातला आणि बाहेर जाऊन बसले. मशीन आणि कापडांचे गठ्ठे घेऊन मी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत राहायला आले. पोरीला वाढवायला कुणीतरी हवं होतंच. माझं लग्न झालं नव्हतं, का झालं नव्हतं ती वेगळी रामकहाणी, आणि ती मी फुकटात सांगत नाही.

पुढच्या सफरीच्या आधी दाजींनी नेहमीसारखा थर्माकोलचा पेला आणि रंगाच्या कांड्या भिंगरीपुढे ठेवल्या. तिने पेला उचलला, त्यांच्या हातात परत दिला आणि आत निघून गेली. दाजींनी तो कोराच रुमालात गुंडाळला. कोराच खाली सोडला. कोराच अंगुस्तानाएवढा होऊन आला आणि फळीवर चित्रांच्या पुढे जाऊन बसला. त्याच्या पुढच्या सफरीतही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. ती मागत नव्हती, ते थांबत नव्हते. मांजर, मशीन, जहाज, आणि मग पांढरे, पांढरे, पांढरे. फडकं मारताना मला ती फळी बघवायची नाही.

खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. भिंगरी हवेचं काहीतरी शिकली आणि थेट त्याच खात्याच्या विमानावर लागली. हे विमान वादळ टाळत नाही, वादळात शिरतं. आत गेल्यावर विमानाच्या पोटातून एकेक नळी खाली सोडायची. नळीला छोटी छत्री असते. पडता पडता ती वारा, दमटपणा, तापमान सगळं कळवत राहते आणि शेवटी समुद्रात जाते. नळ्या सोडायचं काम आमच्या भिंगरीचं. मी ऐकलं आणि पाट्यावर डोकं आपटून घ्यायचंच बाकी राहिलं. "बापाने पाणी धरलं, तू वारा धर," मी म्हटलं. "आपल्या घराण्याला जमीन टोचते का गं?"

खरी अडचण पुढेच होती. विमानाचे दिवस ते वादळाचे दिवस, आणि जहाजाचे दिवस ते शांत. बाप घरी आला की लेक दूरच्या विमानतळावर मुक्कामाला गेलेली. लेक रजेवर आली की बापाचं जहाज सुटलेलं. वर्षानुवर्षं ती दोघं एकमेकांना दारातसुद्धा भेटली नाहीत. एकानेही कधी रजा बदलून मागितली नाही. रागाने म्हणावं तर राग केव्हाच विरून गेला होता. उरली होती ती सवय, आणि सवय रागापेक्षा चिवट असते.

मध्ये मी, टपालपेटी. "मावशी, बाबांचा खोकला कसाय?" "त्यांनाच विचार." "राहू दे, तू सांग." इकडे हे, "जेवते का नीट ती?" "फोन लावून देऊ?" "नको, कामात असेल." डोकं फिरायचं माझं. पण संध्याकाळी रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या की मी मशीन थांबवायची. बाकीचं गाव वादळ कुठे आहे ते ऐकायचं ते आपली छपरं सांभाळायला. दाजी ऐकायचे ते आपली मुलगी कुठे आहे ते कळायला. बातम्या संपल्या तरी रेडिओजवळून उठायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "तुझ्या ताईला तेव्हा कसं वाटत असेल ते आता कळतं." मी मशीन पुन्हा सुरू केलं.

दाजींच्या नोकरीतली शेवटची सफर ठरली, त्याच सुमाराला भिंगरीचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे खोकल्याचा हिशेब द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "बाबांना दे." माझ्या हातातून फोन पडायचाच राहिला. रिळाच्या आवाजाने दाजींचे कान अधू झालेले. फोनचा आवाज मोठा करून द्यावा लागतो, त्यामुळे मी ऐकलं ते चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये.

"बाबा, या वेळी आमचं विमान तुमच्या जहाजावरून जाणार आहे. खाली तुम्ही पाणी मोजायचं, त्याच वेळी वरून आम्ही हवा मोजायची. अगदी खालून जाणार. माणसं दिसतील इतक्या खालून."

"हो का?"

"मी विमानात असणार आहे. खिडकीत येईन." मग ती जराशी थांबली. "बाबा, या वेळी वर बघाल?"

"बघीन."

"नक्की?"

"नक्की गं."

फोन ठेवल्यावर दाजी कितीतरी वेळ त्या फोनकडेच बघत राहिले. पुढच्या आठवड्यात टपालाने एक खोकं आलं. आत थर्माकोलचा पेला. पेल्यावर विमान काढलेलं. विमानाला एकच खिडकी, खिडकीत एक तोंड, आणि तोंडाला कानापासून कानापर्यंत हसू. दाजींनी पेला दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाठ केली. मी नवी जाळी आणून पिशवी शिवली. टाके इतके बारीक घातले की कुणाच्या लग्नाच्या कपड्यालाही घातले नसतील.

त्यांचं जहाज सुटलं आणि या खेपेला गच्चीवर जायची पाळी माझी आली. माझ्या मनाचं ऐकलं असतं तर रोज गेले असते. गुडघ्यांचं ऐकलं, म्हणून एक दिवसाआड गेले.

जहाज परत आलं त्या दिवशी सकाळीच भिंगरीचा निरोप आला होता. यंदा वादळांचे दिवस लवकर आले होते. विमान तिकडे जाताना आमच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर इंधनाला उतरणार होतं, आणि तिला घरी येऊन जेवून जाण्यापुरता वेळ होता. म्हणजे इतक्या वर्षांनी बाप आणि लेक एका छताखाली, तेही एका जेवणापुरते. मी सकाळपासून चुलीशी आणि रस्त्याशी एकाच वेळी. दाजींना आणायला मीच बंदरावर गेले, कारण त्यांना घरी यायला सांगितलं असतं तर ते आधी रिळाला तेल घालत बसले असते.

जहाजाच्या जिन्याशी मला तोच स्वयंपाकी भेटला. केस पांढरे झालेले, झाकण अजूनही नाही.

"बाई, एवढा जीव तुटला म्हणून सांगू," तो म्हणाला. "महिनाभर सगळ्या जहाजाला ठाऊक होतं, लेक येणार आहे. घोरपडीने जन्मात पहिल्यांदा बदली माणसाला म्हटलं, दोन मिनिटं दांडा धरशील? तो म्हणाला, दोन तास धरतो काका. त्या दिवशी आम्ही सगळे डेकवर. मी तर भांडी तशीच टाकून आलो. विमानाचा आवाज आला, दिसलं, बदली माणसाने हात पुढे केला, आणि नेमकी लांबून मोठी लाट आली. काटा नाचायला लागला. दोर ढिला. घोरपड म्हणाली, थांब."

"मग?"

"मग काय? बाटल्यांची पोरं कठड्याशीच उभी होती. अशा वेळी दांडा या हातातून त्या हातात जातो तेवढ्यात काय होईल सांगता येत नाही. विमान डोक्यावरून गेलं. आम्ही ओरडतोय, वर बघा, वर बघा! नाही बघितलं. दोर सावरला, काटा शांत झाला, मग वर बघितलं. तेव्हा आकाशात काही नव्हतं."

त्याची काय चूक? कुणाचीच काय चूक? पण मला त्या लाटेला धरून बडवावंसं वाटत होतं.

घरी येताना दाजी कोपऱ्यावर थांबले. "त्याने सांगितलं ना तुला?"

"सांगितलं."

"तिला सांगू नकोस. मी बघितलं असं सांगणार आहे."

"तुम्हाला खोटं बोलता येतं?"

"जमवतो," दाजी म्हणाले. "पोरगी खिडकीत थांबली असेल गं."

घरात शिरलो तर भिंगरी आलेली होती. खात्याच्या निळ्या गणवेशात, केस कापलेले, आणि हसताना अगदी ताई. दाजी दारातच थबकले. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग दोघं त्या पिशवीबद्दल बोलायला लागली, किती जड आहे, बंद तुटायला आलाय, मावशीला सांगून शिवून घ्या. इतक्या वर्षांनी भेटलेली माणसं पिशवीच्या बंदाबद्दल बोलतात. मी पानं वाढली, नाहीतर ती दोघं तिथेच उभी राहिली असती.

जेवताना दाजींनी घसा खाकरला. ताटाकडे बघतच म्हणाले, "बघितलं हं मी. विमान. हातसुद्धा केला." त्यांचे कान लाल झाले होते. खोटं बोलायचं म्हणजे निदान कान तरी झाकावेत माणसाने!

भिंगरीचा घास हातातच राहिला. "हो बाबा," ती म्हणाली. "दिसलं मला. खिडकीतच होते मी."

"हो ना?"

"हो."

मी भात वाढला. कुणालाच नको होता, तरी वाढला.

दाजी हात धुवायला मागे गेले तशी ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. पिशवीतून एक फोटो काढला आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. "विमानाच्या पोटाला कॅमेरा असतो," ती म्हणाली. "आपोआप काढत राहतो."

सरळ वरून काढलेलं जहाज. खाली गडद पाणी, मागच्या डेकवर माणसं. सगळी माणसं वर बघत होती. टिकलीएवढे चेहरे, वर केलेले हात, कुणी फडकं हलवतोय, तो बहुतेक स्वयंपाकी. डोक्यावर सगळ्यांच्या पिवळी हेल्मेटं, पण मान वर केल्यामुळे हेल्मेटाखालचे चेहरे दिसत होते. रिळापाशी मात्र एक नुसता पिवळा गोल होता. त्याला चेहरा नव्हता.

मी घाईने सांगायला लागले, "अगं, ती लाट आली म्हणून. काटा..."

"ठाऊक आहे मावशी. त्या वेळचा समुद्र आमच्याकडे मोजलेला आहे." तिने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा मोडली. "आणि मी तरी कुठे खिडकीत होते? जहाजावर आलो आणि त्याच क्षणी नळी सोडायची होती. नळी हातात, डोळे पडद्यावर. सगळे म्हणत होते, ते बघ जहाज, ते बघ. मी नाही बघितलं. ती नळी फुकट गेली असती तर खालच्या बाटल्यांना काय अर्थ होता? दोन्ही एकाच वेळी हवं होतं. वर बघितलं तेव्हा नुसतं पाणी होतं."

मला हसू येत होतं की रडू, ते मला आजही सांगता यायचं नाही. "दोघंही एका माळेचे मणी! आणि वर दोघंही खोटारडे."

"मी रात्रभर स्वतःवर चिडले होते. मग हा फोटो आला." तिने पिवळ्या गोलावर बोट ठेवलं. "एवढी माणसं आहेत बघ. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, कपडे सारखे. तरी मला बाबा लगेच ओळखू आले."

"कसे?"

"एकट्यांनीच वर बघितलं नव्हतं."

नळाखाली भांडं भरून वाहत होतं. मी बंद केलं नाही.

"आईच्या वेळेलाही दोर पाण्यातच होता ना गं," ती म्हणाली. "पोरं कठड्याशीच असणार तेव्हाही." एवढंच बोलली. फोटो परत पिशवीत ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेली.

बाहेर दाजी रुमाल सोडत होते. आतून पेला काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. अंगुस्तानाएवढं विमान, त्याची एक खिडकी, आणि खिडकीतलं तोंड आता नुसता ठिपका. हसू मात्र होतं. बारीक नजर लावली की दिसत होतं.

"फळीवर ठेवू?" दाजींनी विचारलं.

"नको. मी नेते," भिंगरी म्हणाली. तिने तो गणवेशाच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि वरून एकदा चाचपलं. मग एकदम पुढे होऊन दाजींच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. दाजींचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी एक तिच्या केसांवर ठेवला. बाहेर जीप वाजायला लागली.

ती गेल्यावर दाजी म्हणाले, "तिला खरं वाटलं ना गं?"

"वाटलं," मी म्हटलं. तिसरी खोटारडी मी.

मग ते गच्चीवर गेले. मीही गेले, गुडघ्यांना न विचारता. दोरीवर वाळत घातलेलं काही नव्हतं. दुपारचं ऊन कलायला लागलं होतं. धावपट्टीच्या बाजूने आवाज आला, आधी माझ्या कानांना आणि मग दाजींच्या. विमान घरांवरून वर चढलं, पंख तिरके झाले आणि ते समुद्राकडे वळलं. दाजींनी मान वर केली. इतकी वर केलेली मी आयुष्यात बघितली नव्हती. त्यांच्या गळ्यावरच्या सुरकुत्या मला पहिल्यांदाच दिसल्या. त्यांनी हात वर केला आणि हलवत राहिले.

"खिडकीत असेल का गं?"

विमान वर चढताना ती पट्टा बांधून नळ्यांपाशी बसलेली असणार, पडद्याकडे बघत. हे मला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं. "असेल की," मी म्हटलं.

विमान लहान झालं, मग ढगात गेलं, मग आवाजही गेला. आकाशात काही उरलं नाही. दाजींचा हात मात्र वरच.

"करा आता हात खाली," मी म्हटलं. "मान अवघडेल."

"थांब थोडं," दाजी म्हणाले. "तिने उशिरा बघितलं तर?"